फाइल मॅनेजरची वाटणी

“कपाट माझं, फ्रिज तुझा. आता हे फाइल मॅनेजरचं भांडण तेवढं मिटवून जा,” तो म्हणाला.

तिने बॅगेची चेन ओढली. घटस्फोट झाला होता, टॅक्सी यायची होती, आणि या माणसाला फोल्डर सुचत होते.

दोघं भाषांतरकार. गोपनीय जबाबांची भाषांतरं घरीच, एका कॉम्प्युटरवर करायचे. त्यासाठी ऑफिसने पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच एक सिस्टिम, दिलं होतं. पेनड्राइव्हवरच्या पासवर्डने कुलूपबंद कप्प्यात ठेवलेल्या फाइली सोडल्या, तर बंद केल्यावर ते सगळं विसरायचं. फोल्डर कसे दिसावेत, तेही.

म्हणून रोज सकाळी ती आधी बसून फाइल मॅनेजरमध्ये फोल्डरांची ढब्बू चित्रं करायची. मागाहून तो यायचा आणि चरफडत त्यांची बारीक यादी करायचा. बाकीची भांडणं आली-गेली. हे मात्र मुक्कामाला राहिलं.

“तुला हे कायमचं सेव्ह करता येतं ना?” त्याने विचारलं.

“येतं की. लग्न झालं तेव्हापासून येतं.”

“मग केलं का नाहीस?”

“कुणाचं केलं असतं?”

त्याने खुर्ची कॉम्प्युटरकडे ओढली.

“हवी तशी मांडणी करून ठेव,” ती म्हणाली. “तीच मी कप्प्यात टाकते. मग तू दिवसभर काहीही उलथापालथ कर, पुन्हा चालू केलंस की हीच येणार. नीट विचार कर. नंतर मला फोन करायचा नाही.”

“एवढा विचार लग्नाआधी केला असता तर...”

“तर काय?”

“काही नाही. तू चार्जर शोध जा.”

ती चार्जर घेऊन आली तेव्हा तो खिडकीशी पाठमोरा उभा होता. तिने फोल्डर उघडून पाहिलेच नाहीत. ती बारीक यादी आज बघवली नसती. कमांडच्या काळ्या पडद्यावर दोन ओळी टाइप करून तिने सेटिंग कप्प्यात टाकली.

“झालं. जिंकलास एकदाचा.”

“हो,” तो म्हणाला.

जिन्यात तिला रडू फुटलं. एवढ्या संसारातून आपलं एक चित्रसुद्धा त्या घरात उरलं नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कॉम्प्युटर चालू केला. पडदाभर ढब्बू चित्रं पसरली, काल त्याने स्वतः मांडून ठेवली होती तशीच.

“काय हा पोरखेळ!” तो रिकाम्या खुर्चीवर खेकसला, आणि चरफडत यादी करायला बसला.