मुरोतांचा कान

झांजेवर ब्रश फिरू लागला असणार, कारण गाण्यात ती जागा आली होती. मुरोतांनी डोळे मिटून घेतले. डोळे मिटलेला माणूस मन लावून ऐकतोय असं समोरच्याला वाटतं, आणि गेली तीन वर्षं मुरोतांचं तेवढ्यावर भागत होतं. झांज त्यांना ऐकू येत नव्हती.

गाणं संपलं. त्यांनी उठून सुई पुन्हा रेकॉर्डच्या कडेला ठेवली आणि शेजारच्या लोखंडी डबीचा खटका पहिल्या खुणेवरून दुसऱ्या खुणेवर फिरवला. डबीत त्यांनी स्वतः गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर होता. सुई रेकॉर्डवरून जो आवाज उचलते तो मुंगीच्या पावलाएवढा. त्याला मोठं करायचं काम या डबीचं. पण सुईची आणि डबीची पत्रिका जुळावी लागते. सुईवर भार जास्त पडला की वरचे सूर दबून जातात, कमी पडला की काचेसारखे टोचतात. मीटरने दोन्ही खुणा पास केल्या होत्या. आता राहिला होता कानाचा निकाल, आणि तो मागायला सबंध सेंदाई शहरातून लोक मुरोतांकडेच येत.

"पहिली ऐकलीत, आता दुसरी," मुरोता म्हणाले.

"होऊ द्या सावकाश. मला कुठे गाडी पकडायचीय," निशिवाकी म्हणाले.

निशिवाकींचं स्टेशनमागे रेकॉर्ड ऐकत बसायचं कॉफीघर होतं, ही डबी त्याच्यासाठीच होती. तिथे गाणं चालू असताना कुणी कुजबुजलं तर ते मुकाट्याने त्याच्यापुढचा कप उचलून नेत, भरलेला असला तरी. माणूस तिखट कानाचा. याच्यासमोर निकाल चुकला तर संध्याकाळपर्यंत गावभर होणार, आणि मग ज्याला ऐकू येत नाही त्याच्या डब्या कोण नेणार? मुरोतांनी पुन्हा डोळे मिटले.

आता चहा येईल. त्यांची बायको फुमिए पडद्याआड उभी राहून दोन्ही वेळा ऐके आणि दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर चहा आणे. कप नवऱ्याच्या डाव्या हाताशी ठेवला तर पहिली खूण, उजव्या हाताशी ठेवला तर दुसरी. हे कधी ठरवलेलं नव्हतं. एकदा झालं, पुन्हा झालं, मग होतच गेलं. त्यावर दोघं चकार शब्द बोलले नव्हते, कारण बोलायचं म्हणजे आधी कान गेल्याचं कबूल करायचं. तीन वर्षांत एकही गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं नव्हतं.

मध्य उलटून गेला. कप टेकल्याचा आवाज आला नाही. रेकॉर्डवरची गाणारी बाई शेवटच्या कडव्यात शिरली, तरी नाही.

मुरोतांनी डोळे उघडले. इतक्या वर्षांत गाणं चालू असताना पहिल्यांदाच.

फुमिए ट्रे धरून पडद्यापाशी उभी होती. तिचं लक्ष स्पीकरकडे नव्हतंच. ती निशिवाकींच्या तोंडाकडे बघत होती, मान जराशी पुढे काढून, चुलीवरच्या दुधाकडे बघावं तशी. पण तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. देवदाराचे पराग उडून अर्ध्या गावाला शिंका लागायचे, डोळे चुरचुरायचे दिवस होते. निशिवाकींनी नाकाच्या वरपर्यंत मास्क ओढला होता आणि डोळ्यांना चहूबाजूंनी बंद असा काळा चष्मा लावला होता.

म्हणजे ही कधी ऐकतच नव्हती. ही गिऱ्हाइकांचे चेहरे वाचत होती, आणि आपण तिच्या भरवशावर तीन वर्षं निकाल देत होतो.

फुमिए पुढे आली. तिने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, आणि कप बरोबर मधोमध ठेवला. बशी थोडी वाजली.

गाणं संपलं.

"बोला, मुरोतासान," निशिवाकी म्हणाले. "कुठली?"

त्या काळ्या काचांमागे काय आहे ते कळायला मार्ग नव्हता. मुरोतांना वाटलं, याला सगळं ठाऊक आहे, हा फक्त आपल्या तोंडून ऐकायला थांबलाय. तरीही आवाज नेहमीसारखाच ठाम निघाला, त्याला तीन वर्षांची सवय होती.

"दुसरी."

निशिवाकींनी चष्मा काढला. मास्क हनुवटीखाली ओढला. ते चक्क हसत होते.

"सुटलो बुवा. खरं सांगू? कुणाला बोलू नका. माझे कान वर्षभर संपावर आहेत. मघाशी दोन्ही वेळा सारखंच वाटलं मला. घामच फुटला होता, म्हटलं मला विचारलंत तर काय सांगू? पण तुमचा कान आहे तोवर मला चिंता नाही. माझ्या दुकानात रोज तीस माणसं तुमच्या कानाने ऐकतात."

फुमिएने ते हसू पाहिलं. मुरोतांसमोरचा कप तिने दोन बोटांनी हळूच सरकवून त्यांच्या उजव्या हाताशी आणला.

निशिवाकी निरोपाला कमरेत वाकले, डबी छातीशी धरून जिना उतरले. मुरोता बसूनच राहिले. पकडले जायची भीती गेली होती, आणि तिच्या जागी दुसरी येऊन बसली होती. आता कुणी पकडणारच नव्हतं.

"फुमिए," ते म्हणाले, "झांज ऐकू आली तुला?"

ती कप गोळा करत होती. तिची पाठ त्यांच्याकडे होती. त्यांना वाटलं हिला प्रश्नच ऐकू गेला नाही, म्हणून त्यांनी तो मोठ्याने पुन्हा विचारला.

"तुम्ही 'दुसरी' म्हणालात ना," ती म्हणाली, "तेवढं ऐकू आलं."