पट्टा

तळ्याकाठच्या जंगलात कुत्र्याला घेऊन भटकायची हौस नवऱ्याची, आणि पट्टा धरून मागून फरफटत जायचं बायकोनं. त्याचे हुकूम दोघांनाही तेच. चल, थांब, गप.

वाटेत पाटी दिसली. 'पुढे दलदल आहे. कुत्र्याचा पट्टा सोडू नका.'

"अहो, वळसा घालून जाऊ या ना."

"ती पाटी कुत्र्यांसाठी आहे. तुला का झोंबली?"

ती तोंड उघडणार तेवढ्यात कुत्रंही भुंकलं.

"गप!" तो खेकसला.

कुत्रं गप्प झालं. मग तीही.

साहेब ऐटीत खाली उतरले आणि चार ढांगांत गुडघ्यापर्यंत रुतले. "ए बावळट, बघत काय बसलीस? फांदी दे इकडे! अक्कल गहाण टाकलीय का?"

तिनं पट्टा हाताला घट्ट गुंडाळला. पायाशी पडलेली लांब फांदी उचलली, पण पुढे केली नाही. कुत्रं भुंकत होतं, आणि नवऱ्याच्या तोंडाचा पट्टाही सुटलेलाच होता.

"गप!" ती म्हणाली.

कुत्रं गप्प झालं.



मग तोही.