स्वच्छ आवाज

“पोरी, या गाळणीवर फार विसंबू नकोस,” असं दाभाडेकाका म्हणाले, तेव्हा मृण्मयीने ते हसण्यावारी नेलं होतं. काका तिच्याच ऑफिसात होते आणि तिच्या खालच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहत. साथीत सगळे घरून काम करू लागले आणि कंपनीने ऑनलाइन मीटिंगसाठी आवाज आणि चेहरा स्वच्छ करून दाखवणारी ती गाळणी बसवली. बाळाचं रडणं, कुकरची शिट्टी, ओढलेला चेहरा, काही म्हणून पलीकडे पोचत नसे. काम कधी नव्हे इतकं भराभर होऊ लागलं. मांडीवर बाळ घेऊन बसणाऱ्या मृण्मयीला तर गाळणी देवासारखी धावून आली होती.

मग खिडकीतून कोणाचा तरी खोकला ऐकू येऊ लागला. बाळाच्या धास्तीने तिने मीटिंगमध्येच विचारलं, “काका, तुमच्या मजल्यावर कोण हो इतकं खोकतंय?”

“मीच की गं!”

आवाज खणखणीत, चेहरा टवटवीत. सगळे हसले. “सुट्टीसाठी बरा बहाणा शोधलात, काका!” कोणीतरी म्हणालं.

मृण्मयीने खिडकी लावून घेतली.

सोमवारी काका मीटिंगला आले नाहीत. दार तोडावं लागलं, पण तोवर उशीर झाला होता.

आता मृण्मयी भेटेल त्याला विनवते: तुमच्यातलं कोणी एकटं राहत असेल, तर पडद्यावर बघून निर्धास्त होऊ नका. उठा, आणि त्याचं दार वाजवा.