जून कोंबडा

"कोंबडा जून आहे, जावईबापू. शिजायला वेळ लागेल," आक्काबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या.

"लागू द्या की. आपली गाडी साडेआठची हाय," भिकन म्हणाला आणि त्यानं खाटेवर ऐसपैस मांडी घातली.

एकोणऐंशी सालचा मे महिना. भिकन नांदगावहून बायकोला न्यायला आला होता. विशाखा दोन महिन्यांपूर्वी नाशिक रोडला माहेरी आली, ती डाव्या मनगटावर भलामोठा चटका घेऊन. तो चुलीवर चुकून बसलेला नव्हता, हे घरात सगळ्यांना कळलं होतं. परत जायचा विषय निघाला की पोर ताटावरून उठून जायची. पण मुलगी दिली ती दिली, असं तिचे वडील जयराम चारचौघांत म्हणत आले होते.

भिकन आल्या आल्या विशाखानंच त्याला पाण्याचा तांब्या दिला.

"हात बरा झाला का?" त्यानं विचारलं.

"झाला."

"मंग झालं. लागशील कामाला."

ती आत गेली. थोड्या वेळानं पाट्यावर वरवंटा फिरू लागला.

जावयानं सासूच्या स्वयंपाकघरात डोकावू नये, अशी रीत. आणि भिकन रीतभात पाळणारा माणूस होता, निदान दुसऱ्याच्या घरी तरी.

"मामा, त्या नर्सिंगच्या कागदाचं काय केलं?" त्यानं सासऱ्यांना विचारलं. मुंबईच्या एका दवाखान्यात विशाखाला शिकायला बोलावलंय, उद्याच हजर व्हायचंय, हे त्याच्या कानावर गेलं होतं. म्हणून तर तो आज धावत आला होता.

"कागदाचं काय घेऊन बसलात, भिकनराव!" जयराम म्हणाले. ते एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला होते आणि आज रजा टाकून घरी बसले होते. त्यांची नजर सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे जात होती. "आज तिला पाठवायचंच, असं आम्ही ठरवलंय. बॅग सकाळीच भरून ठेवलीय."

"बरं केलं. गावात लोक लय नावं ठेवतात. बायको पळाली का म्हणून इचारतात."

वरवंटा थांबला. परसदाराची कडी वाजली. शेगडीवर पातेलं चढलं. आक्काबाईंनी झाकणावर पाणी ओतलं आणि घरभर खोबऱ्या-कांद्याच्या भाजक्या वाटणाचा वास सुटला.

"विशाखा, चार निखारे काढ गं," त्या आतून म्हणाल्या. "मंद आचेवरच मुरू दे."

उत्तर आलं नाही. भिकनला त्यात काही वावगं वाटलं नाही. नवरा बसलेला असताना बायकोनं मोठ्यानं बोलायचं नाही, हे त्यानं दोन वर्षांत तिला चांगलंच शिकवलं होतं.

सव्वापाचला स्टेशनात शिट्टी वाजली. पावसाबद्दल बोलता बोलता जयराम मध्येच थांबले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि घाम पुसला.

"गाडी आज वेळेवर आहे," ते म्हणाले.

"मंग आपली बी असंल."

"असेल की."

सहा वाजले, साडेसहा वाजले. आक्काबाई मधूनच झाकण काढत, पळीनं तळापासून हलवत, पुन्हा झाकत. "विशाखा, कोथिंबीर निवडलीस का गं?" असंही त्यांनी एकदा विचारलं. भिकनच्या पोटात कावळे ओरडायला लागले होते, पण वास असा होता की घाई करायची त्याची इच्छा होईना.

सातला ताटं मांडली. जून कोंबड्याचं मांस बोट लावताच हाडापासून सुटत होतं. आक्काबाई स्वतः वाढत होत्या. विशाखा बाहेर आली नाही. पुरुषांची जेवणं होईपर्यंत बाईनं आतच राहावं, हाही भिकनचाच कायदा.

त्यानं भाकरी रश्शात कुस्करली, दुसऱ्यांदा वाढून घेतलं, आणि पोट भरल्यावर तो मोकळा झाला.

"मामी, तुमी काही म्हना, पन हा मसाला तुमच्या हातचा नाय. हा हिचाच. बायको हाय माझी, डोळे झाकून वळखतो मी."

आक्काबाईंनी त्याच्या ताटात आणखी एक पळी रस्सा वाढला.

"बरोबर ओळखलंत, जावईबापू. सव्वापाचच्या मुंबईच्या गाडीत बसायच्या आधी तिनंच वाटून दिला."