हनुवटी

हौसाक्कानं सहाणेवर सुंठ उगाळून बोटभर लेप घेतला. कुणाचंही डोकं दुखलं की गल्ली चाळीस वर्षं तिच्याच ओट्यावर यायची. शेजारची मालन शिंपीण तर दर महिन्याला अर्धशिशी घेऊन हजर.

"टेकव हनुवटी छातीला," आक्का म्हणाली. लेप आधी मानेला, मग कपाळाला, ही तिची रीतच.

मालन मान वाकवायला गेली आणि कळवळली. "वाकत न्हाई, आक्का. सुईत दोरा ओवताना एकदम घण घातल्यागत झालं. असं कधीच दुखलं न्हवतं."

आक्काचं बोट हवेतच थांबलं. मग तिनं ते पदराला पुसलं. "हे माझ्या सुंठीचं काम न्हवं. पडून ऱ्हा, रिक्षा बोलावते."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर मालनच्या डोक्याचा फोटो दाखवला. पिंपळाच्या जाळीदार पानासारख्या शिरा, आणि त्यातली एक फुटलेली. "लेप लावून घरीच निजवलं असतंत, तर मालन हाती लागली नसती."

आक्कानं नकळत पडद्याला हात जोडले. एवढं सगळं कपाळामागं असतं, आणि आपण नुसतं वरून बोट फिरवत होतो!

ऑपरेशन झालं. विसाव्या दिवशी आक्का भेटायला गेली, तेव्हा मालन खाटेवर उठून बसली. तिनं सावकाश हनुवटी छातीला टेकवली.

आजवर हजारो हनुवट्या टेकलेल्या पाहिलेली आक्का त्या एका हनुवटीकडं डोळे भरून बघत राहिली.