गार गादी

माझा नवरा ओडवार डुकरं पाळतो. स्वीडनहून स्वस्त बेकन आणणाऱ्यांचा विषय निघाला की त्याचं डोकं फिरतं. गावच्या डुक्करपालक संघाच्या बैठकीत "आधी नॉर्वेचं डुक्कर!" म्हणून टेबल बडवणारा हाच. आमचा फ्रीजर मात्र दर महिन्याला स्वीडनमधूनच भरतो. "आपली डुकरं विकायची असतात, खायची नसतात," असं तो मला समजावतो.

या रविवारीही कॅरॅव्हॅनमधल्या गादीखाली चाळीस किलो गोठवलेलं बेकन अंथरून आम्ही सीमेवर पोचलो. एरवी हात हलवून सोडणारे कस्टमवाले आज एकूण एक कॅरॅव्हॅन बाजूला घेत होते. तपासायला आत आलेली अधिकारी बाई गादीवर टेकली आणि ताडकन उठली.

"काका, गादी एवढी गार कशी?"

"बायकोला उकडतं."

"मला नाही हो उकडत," मी म्हणाले.

गादी उचलली गेली. माणशी दहा किलोची मुभा, म्हणजे वीस किलो जप्त आणि वर दंड. ओडवार भडकला. "कॅरॅव्हॅनी उपसायचं हे खूळ कुणाच्या डोक्यातून निघालं? नाव सांगा मला त्याचं!"



तिने 'प्रत्येक कॅरॅव्हॅन उघडा' अशी मागणी करणारं डुक्करपालक संघाचं पत्र काढलं, त्याखालची सही ओडवारच्या लायसन्सशी ताडून पाहिली आणि लायसन्स त्याच्या हातात ठेवत म्हणाली, "यावरच लिहिलंय, काका."