मापाचा पतंग

किनाऱ्यावरच्या त्या दुकानात माणसाला वाळूवरून ओढत नेणारे मोठाले पतंग भाड्याने मिळत. "वजन जास्त तर पतंग मोठा, वारा जास्त तर पतंग लहान," दुकानदार म्हणाला. "नाहीतर तुम्ही राहाल बाजूला, पतंगच तुम्हाला उडवायचा. बोला दादा, वजन किती?"

"अठ्ठ्याहत्तर," नवरा बिनदिक्कत म्हणाला.

तिने चमकून त्याच्याकडे पाहिलं. परवाच हॉस्पिटलच्या काट्यावर तिच्यासमोर बावन्न भरलं होतं. पट्ट्याला नवी भोकं पाडूनही त्याची पँट कमरेवर ठरत नव्हती.

दुकानदाराने त्याला एकवार न्याहाळलं आणि मोठ्या पतंगाला हात घातला.

"मोठाच घे हं बाबा, मागच्या वेळेसारखा," म्हणत लेकीने त्याचा हात ओढला. तेवढ्यानेही त्याचा तोल गेला.

खरा आकडा तिच्या अगदी ओठांवर आला होता, पण लेकीदेखत तो सांगणं काही तिला जमेना.

"लहानच द्या भाऊ," ती म्हणाली. "आज वारा फार आहे."

दुकानदाराने बाहेर पाहिलं. दारात टांगलेले पतंग निपचित लोंबत होते. तो काही बोलणार, एवढ्यात नवऱ्याने स्वतःच लहान पतंग उचलला.

"आई म्हणते ते बरोबर आहे, बाळा," तो बायकोकडे बघत सावकाश म्हणाला. "एवढ्या वाऱ्यात मोठा नाही झेपायचा मला."